झोक्याच्या जागी म्हैस

गिरणी चालू झाली का कान असून नसल्यासारखे. पट्टा फिरते, जातं घरघर करते, टिनं थरथरतात, समोरची बाई तोंड हालवते अन् आपण नुसती मान हालवाची, हाव हाव, बारीक दळते, हाव. अशात मागच्या घरात लेकरू रडलं तं मले काय देव येऊन सांगन? म्हून मी कॅमेरा घेतला. माझी मोठी जाऊ म्हणे, "हिचं पोट्टं काय हिरो आहे का वं, दिवसभर शूटिंग करून राह्यली." पण ते हौसेचं काम नव्हतं, भेवाचं होतं.

भेव कायचं ते पहिलेच सांगून टाकते. उन्हाळ्यात त्याले ताप आला होता. साधा ताप, लेकराइले येतेच. मी त्याले झोक्यात टाकलं अन् दळायले गेली, लग्नसराई होती, डब्ब्याची रांग लागली होती. परत आली तं लेकराचे डोळे वर, हातपाय ताठ, ओठ निळे. मी एवढ्या जोरात ओरडली का म्हणतात फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या लोकाइले ऐकू गेलं. देऊळगाव राजाले डॉक्टरकडे नेईपर्यंत ते आपोआप ढिलं पडलं होतं अन् रडून राह्यलं होतं, पण मी काही ढिली पडली नाही, आजपर्यंत नाही. डॉक्टर म्हणाले, "तापातला झटका आहे, काही मुलांना येतो, मोठं झालं की जातो. फक्त अंग गरम लागलं की लगेच औषध पाजा, कपडे सैल करा, आणि नजर ठेवा."

नजर ठेवा. बस. तवापासून मी नजरच ठेवून राह्यली. दळता दळता धावत जायची, पाहून यायची, परत धावत. पीठ गरम व्हायचं, गिऱ्हाईक बोंबलायचं. आमचे हे म्हणाले, "असंच चाललं तं गिरणी बंद करून टाक, नाहीतं तूच एक दिवस पट्ट्यात जाशीन." मले गिरणी बंद करायची नव्हती. नववीत शाळा सुटली, मंग लग्न, अन् त्याच्यानंतर मले जे पहिलं काम नीट जमलं ते हे दळणाचं. बाया म्हणतात, तुझ्या हातचं ज्वारीचं पीठ लोण्यासारखं येते. अन् लेकरू गिरणीत ठेवता येत नाही, पीठ उडते, त्याले खोकला लागते. सासू घरी असते, पण तिले दुपारची डुलकी लागते अन् कानानं कमी येते. म्हून कॅमेरा. झोक्याच्या बरोबर समोर, खुंटीच्या वर. मोबाईल मी गिरणीच्या खांबाले पन्नीत टांगून ठेवते, पीठ जाऊ नये म्हून, अन् दळता दळता मान वर केली का लेकरू दिसते. एवढ्यावर माझी गिरणी चालू राह्यली होती.

आता घराचं सांगते, नाहीतं पुढचं समजणार नाही. घर एकच, मधात भिंत. इकडे आम्ही, तिकडे मोठे भाऊजी अन् जाऊबाई. चुली वेगळ्या, मीटर वेगळं, नेट बी वेगळं. भांडण म्हणावं तं भांडण नाही, पण ती मले टोमणा मारल्याबिगर पाणी पीत नाही अन् मी बी काही मुकी नाही. फक्त देवघर एक आहे, सासूच्या खोलीत. ते सासूनं वाटू देलं नाही. "देवाले काय मधातून कापू का?" म्हणे.

नेट आमच्या गावात एक केबलवाला देते. खांबावरून त्याची वायर येते, सासूच्या दारावर एक पांढरी डबी आहे तिच्यात जाते, अन् तिथून दोन वायरी फुटतात. एक माझ्या डब्ब्याले, एक जाऊबाईच्या डब्ब्याले. डब्बा म्हंजे राऊटर, दोन कान उभे असलेला. दोन्ही एकाच कंपनीचे, जुळे भाऊ समजा.

मी कॅमेरा बसवला अन् चार दिवस नाही गेले तं जाऊबाईनं बी बसवला. कुठं? गोठ्यात. तिची म्हैस गाभण होती, मागच्या खेपेले व्यायच्या वक्ताले जवळ कोणी नव्हतं अन् पारडू हाती लागलं नव्हतं, म्हून. मी ह्याइले म्हटलं, "पाहा, तुमच्या वहिनीनं माझं लेकरू अन् तिची म्हैस एका पंगतीत बसवली." हे म्हणाले, "म्हैस दूध तरी देते."

केबलवाल्यानं माझ्या मोबाईलात आकडे टाकून देले होते, एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पन्नास. म्हणे, "वहिनी, हा तुमच्या कॅमेऱ्याचा पत्ता. हे दाबलं का झोका दिसन. नेट असो नसो, घरातल्या घरात चालन." मंग जाऊबाईचा कॅमेरा बसवतानी मी भिंतीपाशीच उभी होती, तं ऐकू आलं, तिले बी तेच आकडे, शेवटी पन्नासच.

मी तिकडे गेली. "दादा, दोघीइले एकच पत्ता काऊन देला? माझं लेकरू सगळ्याइले दिसन ना."

"नाही दिसत वहिनी," थो शिडीवरूनच बोलला. "हा घरातल्या घरातला पत्ता आहे. तुमचा डब्बा तुमच्या घरात वाटते, ह्याइचा डब्बा ह्याइच्या घरात. बाहेरच्या वायरीवर डब्ब्याले जो पत्ता लागते तो आमच्याकडून भेटते, तो दोघीइचा वेगळा आहे. आतला पत्ता बाहेर जातच नाही. गावात घरोघरी हेच आकडे सापडतीन तुम्हाले. मले बी ध्यानात ठेवाले सोपं."

"म्हणजे माझी म्हैस हिले दिसणार नाही ना?" जाऊबाईनं विचारलं. "नाहीतं नजर लावन."

मी परत येऊन लेकराले पाजता पाजता त्याच्यावर विचार केला, अन् मले पटलं. घरात लेकरू आई म्हून हाक मारते तं त्याचीच आई उठते. बाजूच्या घरातलं लेकरू बी आईच म्हणते, तिथं त्याची उठते. शब्द एकच, पण घोळ होत नाही, काऊन का मधात भिंत आहे. बाजारात मात्र एक पोट्टं आई म्हणून ओरडलं का धा बाया वळून पाहतात. म्हंजे डब्बा ही भिंत झाली. बाहेर त्याचं एक नाव, आत आपलं आपलं. असं समजलं अन् मी निर्धास्त झाली, मी अन् निर्धास्त, म्हंजे पाहा.

मंग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार देवापुढं मांडतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, जाऊबाईची शिलाई मशीन. गिरणी हालत नाही तं तिले जागेवरच हार घातला. सासू म्हणे, "ज्याच्यावर घर चालते ते सगळं आणा." अन् घर आजकाल कशावर चालते ते सासूले बी दिसतेच ना, दोन्ही लेकं जेवताना बी मोबाईलातच तोंड घालून असतात. तिनं स्वतः दोन्ही घरचे नेटचे डब्बे काढून आणले. वायरी ओढल्या, डब्बे पुसले. ओल्या फडक्यानं.

"आत्याबाई, ओलं नका लावू," मी म्हटलं.

"तू तुझी गिरणी पाह्य," म्हणे.

पाटावर शेजारी शेजारी मांडले, हळदकुंकू लावलं, कानाले एकेक झेंडू अडकवला. लय गोड दिसून राह्यले होते, खोटं कायले बोलू, मी फोटो काढला. जाऊबाई म्हणे, "आत्याबाई, कॅमेरे बी काढू का?" सासूनं विचार केला अन् म्हणाली, "डोळे काढू नाही. डोळ्याइले तिथंच कुंकू लावा." म्हून आम्ही शिडी लावून कॅमेऱ्याइच्या कपाळाले कुंकू लावून आलो, तिनं गोठ्यात, मी झोक्यासमोर.

पूजा झाली, तं सासूनंच दोन्ही डब्बे जागच्या जागी नेऊन लावले. कोणाले विचारलं नाही. हिरवे लाईट लागले, झालं. दुसऱ्या दिवशी दसरा, सोनं वाटता वाटता पाय दुखले, मोबाईलाकडे कोण पाहते. ह्याइले एवढं समजलं का नेट नाही, ते म्हणाले सणाची गर्दी आहे, पडलं असन.

दसरा झाला अन् दुसऱ्या सकाळीच माणसं सोयाबीन काढायले वावरात गेली, मळणीयंत्र आलं होतं. घरी आम्ही तिघी अन् लेकरू. सणात सगळ्याइचं पीठ संपलेलं, गिरणीपुढं डब्बेच डब्बे. मी लेकराले पाजून झोक्यात टाकलं. आमचा झोका लुगड्याचा आहे, आढ्याले बांधलेला. लेकरू आता धरून धरून उभं राह्यला लागलं होतं, म्हून भेव अजून वाढलेलं. पण झोपलं. मी गिरणीत आली, मोबाईल टांगला, आकडे दाबले, एका बाईचे गहू वरून ओतले अन् मान वर केली.

झोक्याच्या जागी म्हैस.

मोठं काळं तोंड. रवंथ करून राह्यलं. सरळ माझ्याकडे पाहून राह्यलं. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असन तं हेच, का म्हैस सुटून घरात शिरली अन् झोका, अन् झोक्यातलं... मी बटण बी बंद केलं नाही. तशीच पळाली. आंगण ओलांडून घरात. लेकरू झोपलेलं. तोंडात अंगठा. बाजूले सासू भिंतीले टेकून घोरून राह्यली. म्हैस नाही, म्हशीचं शेपूट नाही.

परत आली तं गव्हावाली बाई कमरेवर हात ठेवून उभी. मी गिरणी बंद केली. "काय झालं वं?" तिनं विचारलं.

"म्हैस दिसली," मी म्हटलं.

"खेड्यात म्हैस नाही दिसन तं काय वाघ दिसन?"

मोबाईलात पाह्यलं, झोका. बरोबर दिसून राह्यला. मले वाटलं मले ऊन लागलं. गिरणी चालू केली, अर्धा डब्बा झाला, वर पाह्यलं, पुन्हा म्हैस. आता तं ती उभी होती अन् तिची पाठ माझ्याकडे.

मंग मी थंड डोक्यानं विचार केला. थंड म्हंजे माझ्या हिशोबानं थंड. जाऊबाईची म्हैस आहे, जाऊबाईचा गोठा आहे, म्हंजे जाऊबाईनंच काही केलं. मी मोबाईल घेतला अन् तिच्या दाराकडे निघाली, तं ती तिच्या दारातून मोबाईल घेऊन माझ्याकडेच येत होती, पदर खोचून.

"काय केलं वं तू माझ्या मोबाईलाले?" तीच पहिले बोलली.

"मी कायले करू? तुमची म्हैस माझ्या झोक्यात काऊन आली?"

"अन् तुझं पोट्टं माझ्या गोठ्यात काऊन लोळून राह्यलं? माझ्या म्हशीचे दिवस भरले, मले तिचं मागचं अंग पाहाचं आहे, अन् मले दिसते काय? तुझ्या पोट्ट्याचं मागचं अंग!"

मले हसू बी आलं अन् रडू बी. कल्ला ऐकून सासू उठून आली, दोन्ही मोबाईल हातात घेऊन दूर धरून पाह्यले अन् म्हणाली, "माझ्या हातून डब्ब्याइची अदलाबदल झाली असन. दोघं सारखेच दिसतात, मी काय करू?" मंग आम्ही डब्बे बदलले. माझा तिकडे, तिचा इकडे. वायरी सासूनं परत होत्या तशाच लावल्या, मायच्यान कोणाले हात लावू देला नाही. पुन्हा पाह्यलं. जाऊबाईच्या मोबाईलात लेकरू, माझ्या मोबाईलात म्हैस. जराशानं उलटं. जराशानं पुन्हा तसंच. सासू म्हणे, "आता मले बी काही समजत नाही बाप्पा."

केबलवाल्याले फोन लावला. थो देऊळगाव राजाले बालाजीच्या यात्रेत होता, मागं भोंगे अन् पोराइच्या पिपाण्या.

"दादा, झोक्यात म्हैस दिसून राह्यली!"

"मंग मले काऊन फोन लावला वहिनी, डॉक्टरले लावा."

"कॅमेऱ्यात, दादा! माझ्या कॅमेऱ्यात जाऊबाईची म्हैस!"

"नेट चालू आहे का?"

"दोघीइकडे नाही. खंडेनवमीपासून नाही."

"दोघीइकडे नाही? वायरी कोणी काढल्या होत्या का? हॅलो? हॅलो वहिनी, इथं काही ऐकू येत नाही, मी चार वाजेलोक येतो, तवापर्यंत कशाले हात लावू नका, लेकराले डोळ्यानं पाहा."

डोळ्यानं पाहा. मी मोबाईल ठेवला. गिरणीपुढं बाया ओरडून राह्यल्या होत्या, एकीच्या घरी पाहुणे बसलेले, तिले पीठ पाहिजेच. बंद करायले पाहिजे होती मी गिरणी, पण मनात आलं, आज कॅमेऱ्याच्या पायी बंद केली तं हे म्हणतीन, पाह्य, म्हटलं होतं ना. सासूले म्हटलं, "आत्याबाई, झोपू नका हं." ती म्हणे, "मी कधी झोपते?" जाऊबाई जाता जाता म्हणाली, "जाय, दळ. तुझा सिनेमा मले फुकटात दिसूनच राह्यला." मले टोमणाच वाटला थो.

एक डब्बा दळला, धावत जाऊन पाहून आली, झोपलेलं. दुसरा डब्बा टाकला. मोबाईलात म्हैस होती अन् मी रागानं पाहूनच राह्यली होती तिच्याकडे, म्हून मले दिसलं. ती खाली बसली. उठली. पुन्हा बसली. शेपूट वर केलं अन् मागून पारडाचे खूर बाहेर. मी बटण दाबलं, मोबाईल ओढून घेतला अन् बाहेर पळाली, ओरडत, "बाई! बाई! तुमची म्हैस व्याऊन राह्यली!"

तिकडून ती पळत, हात कणकीचे, ओरडत, "अवं पोट्टं! तुझं पोट्टं झोक्यात उभं राह्यलं, एक पाय बाहेर!"

आंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं. मी तिचं ऐकून तशीच वळली, सोयाबीनवर पाय सरकला अन् मी बसली धपकन. ती माझ्या दाराच्या जवळ होती. तिनं म्हशीचं ऐकलं होतं, मी तिच्या तोंडावर पाह्यलं का तिनं ऐकलं, पण ती थांबली नाही.

मी लंगडत घरात पोचली तवा लेकरू तिच्या खांद्यावर होतं. लुगडं अजून हालूनच राह्यलं होतं. सासू जागी होऊन विचारे, काय झालं, काय झालं. मी लेकरू घ्यायले हात पुढं केले तं जाऊबाई म्हणाली, "गप. पहिले याच्या अंगाले हात लाव."

तापलेलं होतं. चांगलं तापलेलं. मी दोन डाव येऊन पाहून गेली होती, दारातूनच, झोपलं आहे म्हून. हात लावलाच नव्हता. मोबाईलात तं लेकरू कसं गोड झोपलेलं दिसे. ताप काही दिसत नाही ना कॅमेऱ्यात.

सरळ सांगते, मी उभीच राह्यली खांबासारखी, त्याच्या डोळ्याइकडे पाहत, आता वर जातीन, आता जातीन. जाऊबाई ओरडली, "औषध कुठं ठेवलं? तोंड उघड ना वं!" मी बोट दाखवलं. तिनं कणकीच्या हातानंच शिशी उघडली, झाकणात मोजून पाजलं, झबलं काढलं, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, काखा पुसल्या. लेकरू चिडलं, फडकं ओढलं, रडलं. ते रडलं तवा माझ्या तोंडातून आवाज निघाला.

"बाई, तुमची म्हैस," मी म्हटलं.

तिचं तोंड एकदम उतरलं. उठली, पुन्हा बसली. लेकराच्या हातात तिचं मंगळसूत्र गुंतलेलं.

"तुम्ही दोघी राहा," सासू म्हणाली. "म्हशी मी तुमच्या लग्नाआधीपासून पाहते." अन् लुगडं वर खोचून गेली.

आता पाहा, माझा मोबाईल हातातच होता, अन् त्याच्यात गोठा दिसूनच राह्यला होता. मी तो जाऊबाईपुढं धरला. तिचा मोबाईल तिनं पदराले बांधलेला, त्याच्यात आम्ही दोघी दिसत होतो, लेकराले पुसताना. माझ्या मोबाईलात सासू आली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, काहीतरी बोलली, बसली, अन् दोन्ही हातानं धरून हळूहळू ओढलं. जाऊबाई लेकराचं कपाळ पुसता पुसता पाहे अन् ओरडे, "हळू, आत्याबाई, हळू!" जशी काही सासूले ऐकूच येऊन राह्यलं. पारडू खाली आलं. हाललं. म्हैस वळून चाटायले लागली. अन् सासूनं कॅमेऱ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले, भरलेले. जाऊबाई रडली. मी तं रडूनच राह्यली होती.

झटका आला नाही. ताप उतरला तरी मी ऐकलं नाही, ऑटो बोलावला अन् आम्ही दोघी लेकराले डॉक्टरकडे नेऊन आलो. घसा सुजलेला निघाला. डॉक्टरनं विचारलं, "औषध वेळेवर दिलं, कोणाच्या लक्षात आलं?" मी जाऊबाईकडे बोट दाखवलं. ती म्हणे, "माझ्या कॅमेऱ्यात दिसलं." डॉक्टरले काही समजलं नाही.

चार वाजता केबलवाला आला, कपाळाले गंध, हातात यात्रेतली रेवडी. डब्बा उलटा केला अन् हसायलेच लागला. "ही वायर इथं कोणी लावली?"

"मी," सासू म्हणाली. "काऊन?"

डब्ब्याच्या मागं एक निळं भोक असते अन् चार पिवळे. बाहेरची वायर निळ्यात लागते. सासूनं दोन्ही घरी पिवळ्यात लावली होती.

"खंडेनवमीच्या दिवशी हळदीच्या रंगाचं भोक समोर असताना निळ्यात काऊन घालू?" सासू म्हणे. "अन् उजवीकडून पहिलं धरलं मी, शुभ पाहून. लाईट लागले ना?"

"लाईट लागतीन माय, पण निळं भोक म्हंजे बाहेरचं दार. तिथं वायर लागली का डब्बा आमच्याकडून बाहेरचा पत्ता मागते अन् आतलं आत ठेवते. पिवळे म्हंजे आतल्या खोल्या. तुम्ही दोन्ही घरच्या आतल्या खोल्या त्या वरच्या डबीतून एकमेकाइले जोडल्या. निळं रिकामं, म्हून नेट कोणालेच नाही. अन् आत दोन डब्बे, दोघं म्हणतात मीच मालक. दोन कॅमेरे, दोघं म्हणतात मीच पन्नास. मोबाईलानं पन्नासले हाक मारली का दोघं ओ देतात, ज्याची ओ धरली त्याचं चित्र."

म्हंजे भिंत पडली होती. मी मनात म्हटलं, बाजारातल्या बाया.

त्यानं माझी वायर निळ्यात लावली, नेट आलं, मोबाईल टिंग टिंग वाजायले लागला. मंग थो जाऊबाईची वायर घ्यायले वळला तं ती म्हणाली, "थांब जरा."

थो थांबला.

"हे जे झालं, दोघीइले दोन्ही दिसे," ती माझ्याकडे न पाहता बोलली, "ते घोळ न होता ठेवता येते का? का हिले बी म्हैस दिसन अन् मले बी हे पोट्टं दिसन?"

"येते ना. एकाच डब्ब्याले मालक करू. बाहेरचा पत्ता त्यालेच, अन् आत पत्ते वाटणार बी तोच. दुसरा नुसता हाताखाली राहीन, त्याच्या पत्त्यातला शेवटचा एक मी दोन करून देतो, वाटणं बंद. कॅमेरे दोघाइचे वेगळे, एक पन्नास, एक एकावन. पण एक कनेक्शन बंद करा लागन. मालक कोणाचा डब्बा ठेवू?"

जाऊबाई म्हणे, "मोठ्याइचा." मी म्हटलं, "गिरणीले नेट लागते." ती म्हणे, "गिरणी नेटावर चालते का वं?" मंग दोघी सासूकडे पाह्यला लागलो.

"जिच्याकडे म्हैस नाही तिचा ठेव," सासू केबलवाल्याले म्हणाली. "म्हैसवालीचा तोरा पहिलेच जास्त आहे."

"बरं," जाऊबाई म्हणे, "मालकीण ही. पण पन्नास नंबर माझ्या म्हशीचा राहीन."

माझं लेकरू एकावन झालं.

हे आले संध्याकाळी, त्याइले सगळं सांगतलं, मले वाटलं गिरणीचं काढतीन. ते म्हणाले, "वहिनी पाहीन म्हणते ना? मंग चालू राहू दे." भाऊजीइनं बी त्यांच्या डब्ब्याचं कनेक्शन सोडलं, फक्त म्हणाले का क्रिकेटच्या वक्ताले नेट गेलं तं मालकिणीले जबाबदार धरू.

भेव गेलं असं मी म्हणणार नाही. अजून बी मी मधात धावत जाते, पण आता दारातून पाहून येत नाही, जवळ जाऊन हात लावून येते. अन् आता एकटीच जात नाही. परवा असंच दळण चालू होतं, मोबाईलावर जाऊबाईचा फोन आला, मी बाहेर येऊन उचलला.

"तुझं उठलं. मी इकडे आणलं. अंग थंड आहे, पाह्यलं मी."

"खाल्लं का काही?"

"माझ्या हातचा भात खाल्ला, तुझ्या हातचा खात नाही म्हणे."

"थो अजून बोलत नाही, बाई."

"मले बोलते. अन् काय वं, माझ्या म्हशीपुढं वैरण आहे का? तुले दिसते ना?"

मी मोबाईलात पाह्यलं. "संपली. पारडू पेंढी ओढून राह्यलं."

"मंग टाक ना जाऊन, नुसती पाहत काय बसली!"